उघडीप शोधताना : कुळागरातील सेन्सरच्या जुन्या नोंदी

सुपारीवरील कोळेरोगासाठी, म्हणजे पावसाळ्यात फळे कुजवणाऱ्या बुरशीच्या रोगासाठी, मोरचूद व चुन्याच्या बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी पावसाळा लागण्यापूर्वी करावी आणि दुसरी त्यानंतर ४० ते ४५ दिवसांनी करावी, हे गोव्यातील फोंडा तालुक्यात कुळागर, म्हणजे पोफळीची (सुपारीच्या झाडांची) बाग, असणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. पहिली फवारणी सहसा वेळेवर होते, कारण मे महिन्याच्या अखेरीस आकाश मोकळे असते आणि पोफळीवर चढणारे गडीही मिळतात. अडचण दुसऱ्या फवारणीची आहे. हिशेबाने ती जुलैच्या पूर्वार्धात येते आणि सावईवेरे, केरी, वळवई या पट्ट्यात ते दिवस वर्षातील सर्वांत ओले असतात. मिश्रण घोसावर वाळून बसण्याआधी सर आली, तर मोरचूद, चुना आणि मजुरी हे तिन्ही पाटाच्या पाण्याबरोबर वाहून जाते. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २४ मे रोजीच केरळात दाखल झाला आणि लगोलग गोव्यातही पोहोचला, तेव्हा आमच्याकडे पहिली फवारणी अर्ध्या कुळागरातच झाली होती. उरलेल्या भागाचे काय करायचे आणि दुसरी फवारणी कधी धरायची, असे दोन प्रश्न एकदम समोर उभे राहिले.

माझ्या थोरल्या बंधूंचे मत ठाम होते. माशेल गावचा चिखलकालो, म्हणजे चिखलात खेळण्याचा उत्सव, झाला की चार-पाच दिवसांत एक चांगली उघडीप येते, ती धरावी, असे ते दरवर्षी सांगतात. त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे आणि तो मी सहजी मोडीत काढणार नाही. परंतु आमच्या कुळागरात २०२३ च्या पावसाळ्यापासून सेन्सर बसवलेले आहेत, दर पाच मिनिटांनी त्यांची नोंद होते आणि ती नोंद मागे जाऊन कोणी पाहिलेली नव्हती. डॅशबोर्ड उघडायचा, आत्ता किती तापमान आहे ते पाहायचे आणि मिटायचा, एवढाच त्याचा उपयोग घरात होत होता. या खेपेस जुन्या नोंदींतून उघडीप शोधायची, असे मी ठरवले. ते काम कसे झाले, हे त्याच वाटेने जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

ही सारी मांडणी माझ्या पुतण्याची आहे. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत असताना त्याने ती उभी केली आणि आता तो नोकरीनिमित्त बंगळुरूला असतो. पोफळींच्या सावलीत माणसाच्या उंचीवर एक एसएचटी३१ सेन्सर आणि घरासमोरच्या खळ्यात उघड्यावर दुसरा, असे तापमान व आर्द्रता मोजणारे दोन सेन्सर आहेत. पर्जन्यमापकही खळ्यातच आहे, कारण झाडांखाली ठेवलेल्या मापकात पाऊस थांबल्यानंतरही झावळ्यांवरून ठिबकणारे पाणी पडत राहते. हा पर्जन्यमापक झुकत्या भांड्याचा आहे; भांडे एकदा झुकले की ०.२ मिलिमीटर पाऊस धरला जातो. जमिनीतील ओलावा मोजणारा एक सेन्सर आहे, तो जानेवारी ते मे या काळात शिंपणासाठी उपयोगी पडतो. पावसाळ्यात त्याचा आकडा हलतच नाही, म्हणून त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. सगळे ईएसपी३२ या वाय-फाय असलेल्या छोट्या नियंत्रक बोर्डाला जोडलेले आहे, बोर्ड सौर पॅनेल आणि लिथियम सेलवर चालतो आणि माहिती मॅथवर्क्स कंपनीच्या थिंगस्पीक या सेवेवर जाते. तेथे एका चॅनेलला, म्हणजे एका नोंदवहीला, आठ फील्ड, म्हणजे आकड्यांचे आठ रकाने, मिळतात. आमची सात भरलेली होती: दोन तापमाने, दोन आर्द्रता, पाऊस, जमिनीचा ओलावा आणि सेलचे व्होल्टेज.

व्होल्टेजसाठी एक फील्ड खर्ची का घातले, असे मी पूर्वी पुतण्याला विचारले होते. त्याचे उत्तर पुढे येईल.

डॅशबोर्ड उघडला की प्रत्येक फील्डचा एक आलेख दिसतो आणि त्यात शेवटच्या ६० नोंदी असतात. पाच मिनिटांना एक नोंद या हिशेबाने हे केवळ पाच तास झाले. मागचे पाहायचे तर आलेखाच्या वरच्या कोपऱ्यातील पेन्सिलच्या चिन्हावर टिचकी मारून त्याच्या निवडी उघडाव्या लागतात. तेथे नोंदींची संख्या, दिवसांची संख्या, सरासरी, मध्यक, बेरीज, कमाल-किमान मर्यादा असे रकाने असतात. नोंदींच्या रकान्यात मोठा आकडा घातला की आलेख मागे सरकतो, पण एका मागणीत जास्तीत जास्त ८००० नोंदीच मिळतात. दिवसाला २८८ नोंदी धरल्या, तर ८००० नोंदींत पावणेअठ्ठावीस दिवस मावतात. जुलैचा पूर्ण महिनासुद्धा एका दमात येत नाही, मग जून ते सप्टेंबर हे १२२ दिवस, म्हणजे ३५ हजारांहून अधिक नोंदी, कोठून येणार? त्यातच, अमुक इतके दिवस मागे, असे सांगितले की ते आजपासून मागे मोजले जातात. मला आज नको होता. मला दोन वर्षांपूर्वीचा जुलै हवा होता. त्यासाठी आलेखाच्या वेबपत्त्यातच (यूआरएलमध्ये) आरंभाची आणि अखेरीची तारीख लिहिता येते, हे पुतण्याने फोनवर सांगितले. "काका, तुम्ही पंधरा-पंधरा दिवसांचे तुकडे करा, म्हणजे मर्यादेचा प्रश्नच येणार नाही," असा त्याचा सल्ला होता आणि तो मी पाळला.

पहिला आलेख मी कुळागरातील आर्द्रतेचा काढला. पाच-पाच मिनिटांच्या टोकांनी तो इतका दाटला होता की काही बोध होईना, म्हणून सरासरीच्या रकान्यात १४४० मिनिटे, म्हणजे पूर्ण दिवस निवडला. आलेख स्वच्छ झाला आणि त्याच वेळी निरुपयोगीही झाला. जुलैभर रेषा नव्वदीच्या वर जवळजवळ सपाट होती. एक दिवस दुसऱ्यासारखाच. जिथे रात्रभर आर्द्रता शंभराला टेकलेली असते, तिथे दुपारचे चार कोरडे तास दिवसाच्या सरासरीत विरघळून जातात, आणि मला तर नेमके तेच चार तास हवे होते. कोळेरोगाची बुरशी २० ते २३ अंश सेल्सिअस तापमान, ९० टक्क्यांहून अधिक आर्द्रता आणि संततधार पाऊस यांत फोफावते, असे कृषी शास्त्रज्ञ सांगतात. त्या दृष्टीने रोजची सरासरी पाहणाऱ्याला आमच्याकडचा सारा जुलै सारखाच धोक्याचा वाटेल. धोका सारखा असेलही. पण फवारणीची संधी सारखी नसते, ती दिवसातील तासांत लपलेली असते.

सरासरी ६० मिनिटांवर आणली तेव्हा चित्र पालटले. रोजच्या दिवसाला आर्द्रता उतरल्याचा एक खळगा रेषेत दिसू लागला, काही दिवशी उथळ, काही दिवशी खोल. खळ्यातील सेन्सरचा खळगा नेहमी आधी सुरू होई आणि अधिक खोल जाई. कुळागरातील सेन्सरचा उशिरा येई आणि लवकर भरून येई. बाहेर ऊन पडले म्हणून आत वाळते असे नाही, हे कुळागरात वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही, तरी त्या दोन रेषांमधील अंतर तासांत मोजता आले याचे मला अप्रूप वाटले. ४ तासांची, म्हणजे २४० मिनिटांची सरासरीही मी घेऊन पाहिली. तिच्यात खळगे दिसतात, पण त्यांच्या कडा बोथट होतात. या कामासाठी तासाची सरासरी योग्य, या निर्णयावर मी आलो.

पावसाच्या फील्डला मात्र सरासरी लावून भागत नाही. तेथील प्रत्येक नोंद म्हणजे मागच्या पाच मिनिटांत पडलेला पाऊस असतो, त्यामुळे तासाला किती पडला हे कळण्यासाठी बेरजेचा रकाना वापरावा लागतो. सरासरी घेतली तर तासात १२ मिलिमीटर पडलेला पाऊस आलेखात १ मिलिमीटर दिसतो. आकडा खोटा नसतो, पण प्रश्नाशी त्याचा संबंध नसतो. तापमान, आर्द्रता यांची सरासरी आणि पावसाची बेरीज, ही विभागणी डॅशबोर्ड आपण होऊन करत नाही. सात आलेख एकाच साच्यातले असतात आणि कोणत्या राशीला काय शोभते हे पाहणाऱ्याने ठरवायचे असते.

आमचा पाऊस बरोबर मोजला जातो की नाही, हे पडताळून पाहावे असे वाटले, म्हणून हवामान खात्याच्या फोंड्याच्या आकड्यांशी मी काही दिवस ताडून पाहिले. गोव्यात वर्तमानपत्रे पाऊस इंचांत सांगतात, तेव्हा आधी २५.४ ने गुणणे आले. तरीही काही दिवशी दोन्ही आकडे अगदी जवळ आणि काही दिवशी एकमेकांना ओळख न देणारे, असा प्रकार दिसला. कारण दिवसाच्या सीमेत होते. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. आज छापलेला आकडा काल सकाळी साडेआठपासून आज सकाळी साडेआठपर्यंतचा असतो. माझी बेरीज मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतची होती. पहाटेचा पाऊस जोरदार असला की तो त्यांच्याकडे एका तारखेला आणि माझ्याकडेही त्याच तारखेला जमा होई. परंतु संध्याकाळी कोसळलेला पाऊस त्यांच्या हिशेबात दुसऱ्या दिवशीच्या नावावर लागे. पुढे तक्त्यात मी प्रत्येक नोंदीच्या वेळेत साडेपंधरा तास मिळवून मग तारीख काढली, तेव्हा दोन्ही दिवस एका रेषेत आले. त्यानंतर उरलेला फरक गावागावातील पावसाचा होता, आणि तो असणारच. फोंड्यात कोरडे असताना सावईवेऱ्यात धो-धो लागलेला पाऊस आम्ही नेहमीच पाहतो.

वेळेचाच दुसरा भाग कालक्षेत्राचा. थिंगस्पीक प्रत्येक नोंदीची वेळ जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत साठवते. खात्याच्या माहितीत आपले कालक्षेत्र निवडता येते आणि नोंदी उतरवून घेताना ते पुन्हा सांगता येते. न सांगितल्यास फाईलमधील वेळा आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे असतात. दुपारी दोनची उघडीप कागदावर सकाळी साडेआठची दिसते. महिन्याचा आकार पाहणाऱ्याला याने फारसे बिघडत नाही, परंतु गड्यांना कोणत्या वेळी बोलवावे हे ठरवणाऱ्याला साडेपाच तास म्हणजे सगळा दिवसच. मी प्रत्येक मागणीत एशिया/कोलकाता हे कालक्षेत्र लिहून घेतले आणि पहिल्या तुकड्यात दुपारचे कमाल तापमान खरोखर दुपारीच येते ना, हे पाहून खात्री करून घेतली. ही साधी कसोटी कोणत्याही जुन्या नोंदीला लावण्यासारखी आहे.

यानंतर खंडांचा विषय आला, आणि व्होल्टेजचा आलेख का ठेवला आहे याचे उत्तर येथे मिळाले. पावसाळ्यात आमच्याकडे नोंदीत खंड पडतात. फांद्या तारांवर पडून वीज जाते, घरातील राउटर बंद होतो आणि बोर्डाला माहिती पाठवता येत नाही. किंवा सलग ढगाळ दिवसांत सौर पॅनेल सेलला पुरेसे भरू शकत नाही आणि बोर्डच बंद पडतो. आलेखावर या खंडांची खूण नसते. खंडाआधीचा शेवटचा बिंदू आणि खंडानंतरचा पहिला बिंदू यांना जोडणारी सरळ रेषा काढली जाते आणि दीड दिवसाचे अज्ञान एका शांत, सावकाश उतरणाऱ्या आर्द्रतेसारखे दिसते. नोंदींच्या क्रमांकांवरूनही ते उमगत नाही, कारण क्रमांक पोहोचलेल्या नोंदींना दिला जातो. न पोहोचलेल्यांसाठी जागा सोडली जात नाही. लागोपाठच्या दोन नोंदींच्या वेळांतील अंतर काढले, तरच खंड सापडतो.

खंड कोणत्या प्रकारचा, हे व्होल्टेज सांगते. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो. खंडापूर्वी दोन-तीन दिवस हा आकडा पायरीपायरीने खाली येत गेला असेल, तर बोर्ड उपाशी राहून बंद पडला. आकडा चांगला असताना नोंदी अचानक थांबल्या असतील, तर इंटरनेट गेले होते. हा फरक पावसाच्या दृष्टीने मोठा आहे. पुतण्याने बोर्डाचा कार्यक्रम असा लिहिला आहे की माहिती पोहोचली नाही तर भांड्याच्या झुकण्याची मोजणी पुसायची नाही, पुढच्या यशस्वी नोंदीत ती पाठवायची. त्यामुळे इंटरनेट रात्रभर गेले आणि सकाळी आले, तर सकाळच्या एका पाच मिनिटांच्या नोंदीत रात्रभराचा पाऊस एकदम येतो. तासाच्या बेरजेच्या आलेखात तो ढगफुटीसारखा उभा राहतो आणि त्याआधीची ओली रात्र कोरडी ठणठणीत भासते. याउलट बोर्डच बंद पडला असेल, तर त्या काळातील मोजणी कायमची गेलेली असते आणि खंडानंतर काहीच मोठे येत नाही. जुलै २०२४ मधील एक लांबलचक उघडीप, जी आलेखावर सर्वांत आकर्षक दिसत होती, ती या दुसऱ्या प्रकारची निघाली. तिच्यावर मी फुली मारली. माझ्या मते संशयास्पद तास कोरड्यात धरण्यापेक्षा सरळ वगळणे बरे, कारण येथे चूक झाली तर भुर्दंड मजुरीच्या रूपाने पडतो.

आलेखांवर एवढे पाहून झाल्यावर तक्त्याशिवाय पुढे जाता येणार नाही, हे स्पष्ट झाले. प्रत्येक तुकडा सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी विभागलेल्या आकड्यांची, फाईल म्हणून उतरवून घेतला, सगळे एकाखाली एक जोडले आणि लिब्रेऑफिसच्या तक्त्यात (स्प्रेडशीटमध्ये) उघडले. वेळेच्या रकान्यात तारखेनंतर एक अक्षर आणि शेवटी कालक्षेत्राचे शेपूट असते, त्यामुळे तक्ता त्याला वेळ न मानता मजकूर समजतो. पहिली १९ अक्षरे कापून घेऊन मधले अक्षर बदलल्यावर तो वेळ म्हणून ओळखू लागला. नंतर तासागणिक पाऊस, कुळागरातील किमान आर्द्रता आणि त्या तासातील नोंदींची संख्या असा सारांश काढला. नोंदींची संख्या घेणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: तासाला १२ नोंदी अपेक्षित असताना चारच असतील, तर त्या तासाविषयी बोलण्याचा आपल्याला फारसा अधिकार नाही. शेवटी एक साधा रकाना केला; तासाचा पाऊस शून्य असेल तर वरच्या ओळीतील आकड्यात एक मिळवायचा, पाऊस दिसला किंवा नोंदी अपुऱ्या असल्या तर पुन्हा शून्यावर यायचे. या रकान्यात सहा किंवा त्याहून मोठा आकडा जिथे दिसेल, तिथे किमान सहा तासांची उघडीप.

अशा जागा माझ्या अपेक्षेपेक्षा बऱ्याच अधिक निघाल्या. मात्र त्यांतील पुष्कळशा रात्रीच्या होत्या. पाऊस नाही, पण आर्द्रता शंभराला चिकटलेली, अशा. तेव्हा दुसरी अट घातली की त्या सहा तासांत कुळागरातील आर्द्रता निदान तीन तास नव्वदीच्या खाली गेलेली असावी. हे आकडे कोणत्या पुस्तकातून घेतलेले नाहीत. मिश्रण वाळायला किती वेळ लागतो याविषयी आमच्या गड्यांचा जो अंदाज आहे, त्यावरून ते धरले आहेत आणि दुसऱ्या कुळागरात ते वेगळे असू शकतील.

आर्द्रतेच्या या अटीमुळे आणखी एक तपासणी करावी लागली. आर्द्रतेचे सेन्सर अनेक दिवस संपृक्त हवेत राहिले की त्यांच्यावर दव बसते आणि हवा वाळली तरी आकडा वर अडकून राहतो. आलेखावर शंभराची पठारे दिसत होती, त्यांतील खरी कोणती आणि ओल्या सेन्सरची कोणती, हे ओळखण्यासाठी तापमानाचा आधार घेतला. हवेतील बाष्प तेवढेच असताना तापमान २४ अंशांवरून २७ अंशांवर गेले, तर सापेक्ष आर्द्रता १०० वरून ८४ टक्क्यांच्या आसपास उतरायला हवी. पाऊस थांबून तापमान तीन अंशांनी चढले आहे आणि आर्द्रतेचा आकडा मात्र ढिम्म, असे काही तास सापडले. त्या तासांत खळ्यातील सेन्सर व्यवस्थित उतरलेला होता. भर पावसात हवेत सतत नवे बाष्प येत असते, त्यामुळे ही कसोटी पावसाच्या तासांना लावू नये. उघडीप असताना ती चांगली चालते. अशा तासांना मी तक्त्यात वेगळा रंग दिला आणि त्यांचा निर्णय खळ्यातील आकड्यावरून, थोडे हात राखून, केला.

आता बंधूंच्या उघडिपीविषयी. चिखलकालो आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी असतो. आषाढी २०२३ मध्ये २९ जून रोजी होती, २०२४ मध्ये १७ जुलै रोजी. म्हणजे तिथीने बांधलेली आठवण इंग्रजी तारखांवर १८ दिवसांनी पुढे सरकली, आणि पाऊस अधिक मास पाळत नाही. दोन्ही वर्षी चिखलकाल्यानंतरच्या आठवड्यात माझ्या दोन्ही अटी पूर्ण करणारी उघडीप तक्त्यात नव्हती. मी हे बंधूंना दाखवले तेव्हा त्यांनी तक्ता बराच वेळ पाहिला आणि दोन वर्षांवरून काय ठरते, असे विचारले. त्यांचा आक्षेप रास्त आहे. दोन पावसाळे म्हणजे फार तुटपुंजा पुरावा, आणि त्यातही २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरलेला. आमच्या आलेखावर तो महिना इतरांपेक्षा इतका निराळा दिसतो की त्याच्या जोरावर पुढच्या ऑगस्टविषयी काही बोलू नये.

तरी दोन गोष्टी दोन्ही वर्षांत सारख्या आढळल्या आणि त्या तारखांविषयी नसल्यामुळे मला अधिक भरवशाच्या वाटतात. वापरता येण्याजोगी उघडीप जवळजवळ नेहमी सकाळी उशिरा सुरू झाली आणि कुळागरातील आर्द्रता नव्वदीच्या खाली यायला खळ्याच्या मानाने दीड-दोन तास अधिक लागले. आमच्याकडे गडी सकाळी सातला येतात, कारण लवकर सुरुवात करून दुपारी मोकळे होणे सर्वांना सोयीचे. फवारणीच्या दिवशी मात्र त्या वेळी घोस ओलेचिंब असतात. दुसरे असे की उघडीप येण्याची चाहूल आदल्या दिवशीच्या दुपारच्या खळग्यातून पुष्कळदा मिळाली: खळगा आदल्या दिवसापेक्षा खोल गेला असेल, तर दुसरा दिवसही बरा जाण्याचा कल दिसतो. याला मी नियम म्हणणार नाही. पण हवामान खात्याचा अंदाज आणि हा खळगा एकाच बाजूला असतील, तर गड्यांना निरोप धाडायला हरकत नाही.

या नोंदींना आणखी एक मर्यादा आहे, ती मात्र सेन्सरच्या जागेची. सेन्सर माणसाच्या उंचीवर आहे आणि घोस त्याच्या कितीतरी वर, शेंड्याजवळ. वर वारा अधिक, ऊन अधिक, म्हणून तेथील फळे खालच्या सेन्सरपेक्षा लवकर वाळत असणार. म्हणजे माझा हिशेब सावधपणाच्या बाजूला झुकलेला आहे. एक सेन्सर पोफळीच्या शेंड्याशी बांधावा, असे पुतण्याचे म्हणणे आहे. वायर आणि पॅनेल वर नेऊन बांधणारा गडी मिळाला की ते करू.

अखेर बंधूंशी बोलून असे ठरले की दुसऱ्या फवारणीची तारीख आधी नक्की करायची नाही. ४० दिवस उलटले की रोज संध्याकाळी दुपारचा खळगा पाहायचा, मोरचूद आणि चुना आणून ठेवायचा, आणि संधी दिसताच गड्यांना सातऐवजी नऊला बोलवायचे. १०० लिटर पाण्याला प्रत्येकी १ किलो मोरचूद व चुना हे मिश्रण त्याच दिवशी वापरावे लागते, त्यामुळे ते आदल्या रात्री करून ठेवता येत नाही; सकाळचे ते दोन तास मिश्रण तयार करण्यात आणि कोयत्याचे पाते त्यात बुडवून तांबूस थर चढत नाही ना, हे पाहण्यात जातील. पहिली फवारणी राहून गेलेल्या अर्ध्या भागासाठी मात्र वाट न पाहता मिळेल ती पहिली उघडीप घ्यायची, यावर दोघांचेही एकमत झाले.

डॅशबोर्डवरील आठवे फील्ड रिकामे होते. फवारणी केव्हा झाली याची नोंद आजवर घरातील वहीत होत असे आणि पावसाच्या आकड्यांशेजारी ती कधी आली नाही. पुतण्याने आता अशी सोय केली आहे की फवारणी सुरू करताना मोबाईलच्या ब्राउझरमध्ये साठवून ठेवलेला एक पत्ता उघडला की आठव्या फील्डमध्ये १ हा आकडा जातो आणि संपताना दुसरा पत्ता उघडला की २ जातो. या नोंदींच्या ओळीत बाकीची सातही फील्ड रिकामी असतात. तक्त्यात त्या रिकाम्या जागांना शून्य समजले गेले, तर त्या तासाची किमान आर्द्रता शून्य निघेल आणि नोंदींची संख्या १२ ऐवजी १३ होईल. म्हणून सारांश काढण्यापूर्वी आठवे फील्ड भरलेल्या ओळी वेगळ्या पानावर काढून ठेवण्याची पायरी मी तक्त्याच्या सुरुवातीलाच घातली आहे.